चिठ्ठीशिवाय कानाचं यंत्र घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत १७ ऑक्टोबर २०२२ पासून कानाचं यंत्र डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, थेट दुकानातून किंवा ऑनलाइन घेता येतं. पण ही सोय अठरा वर्षांवरच्यांना, आणि ज्यांना थोडं किंवा मध्यम कमी ऐकू येतं त्यांनाच. शांत खोलीत समोरचा माणूस काय बोलतोय तेही कळत नसेल, तर हे यंत्र तुमच्यासाठी नाही. त्याच्या आवाजाला नियमानेच कमाल मर्यादा घातलेली आहे. महागातलं घेतलं म्हणून ती ओलांडता येत नाही.

कान दुखतोय, वाहतोय, चक्कर येते, एकाच कानाने कमी ऐकू येतं, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ऐकू येणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जा. त्यावरच्या औषधाचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो.

खरी फसगत होते ती ॲम्प्लिफायरमध्ये. दिसायला तसाच, किमतीला स्वस्त, पण तो चांगलं ऐकू येणाऱ्यांसाठी असतो आणि सगळेच आवाज सरसकट मोठे करतो. खोक्यावर ‘ओटीसी हिअरिंग एड’ (म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळणारं कानाचं यंत्र) असं छापलेलं आहे का ते बघा. ‘एफडीए रजिस्टर्ड’ या शिक्क्याला मात्र भुलू नका. एफडीए ही औषधं आणि अशा यंत्रांवर देखरेख करणारी अमेरिकेची सरकारी संस्था. नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे, आणि एफडीए नोंदणीची प्रमाणपत्रं देतही नाही.

यंत्र परत घेतलंच पाहिजे अशी सक्ती अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमात नाही. परत घेणार की नाही हे खोक्यावर छापणं मात्र बंधनकारक आहे. खोकं फोडण्याआधी ते वाचा. कानाला आणि मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांची मुदत काही कामाची नाही.

यंत्र शिट्टी मारतंय? बहुतेक वेळा टोकाची रबरी टोपी लहान पडते किंवा नीट आत बसलेली नसते. खोक्यात दोन-तीन मापं येतात, पण आपण पहिलंच लावून मोकळे होतो. कानात मळ साचला असला तरी शिट्टी येते. उलट स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमत असेल, तर भोकं असलेली उघडी टोपी लावून बघा.

सेलवरचा रंगीत कागद वापरायच्या वेळीच काढा. हवा लागली की सेल उतरायला लागतो आणि कागद परत चिकटवून तो थांबत नाही.

माझ्या सासऱ्यांनी तर ‘बिघडलं’ म्हणून यंत्र खोक्यात बांधून ठेवलं होतं. मी टोपी उपसून यंत्राचं टोक उजेडात धरलं. टोकाशी मोहरीपेक्षाही लहान पांढरी जाळी, आणि ती मळाने गच्च. सोबत आलेल्या काडीने जुनी जाळी काढली, काडीच्याच दुसऱ्या टोकाची नवी दाबून बसवली. दोन मिनिटांचं काम. यंत्र कानात घातल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: “टीव्ही एवढा मोठा कोणी केलाय?”