निसर्गचित्राचा इतिहास नकला करून कसा शिकावा

सपाट फळीवर, कापडावर किंवा रेशमावर मैलभर लांबचं अंतर कसं दाखवायचं? निसर्गचित्रकारांपुढे हा प्रश्न कायम राहिला. प्रत्येक काळानं त्याचं वेगळं उत्तर शोधलं आणि प्रत्येक उत्तरासाठी काहीतरी सोडून दिलं. पुस्तकातून नावं आणि सनावळ्या कळतात. पण क्षितिजरेषा दोन बोटं खाली घेतली की चित्राचं काय होतं, हे हातात ब्रश असल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे सहा छोट्या अभ्यासांचा क्रम दिला आहे. यात हुबेहूब चित्र उतरवायचं नाही. त्या चित्रकारानं अंतराचा प्रश्न कसा सोडवला, तेवढंच उतरवायचं.

तयारी

३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा कागद घ्या. गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंग या कामाला सर्वांत सोयीचे, कारण ते लवकर वाळतात आणि चुकलं तर वरून रंग देता येतो. टायटॅनियम व्हाइट, आयव्हरी ब्लॅक, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि अल्ट्रामरीन एवढे सहा रंग पहिल्या तीन अभ्यासांना पुरतात. प्रशियन ब्लू अजून बाजूला ठेवा. हा रंग १८व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला. त्याआधीच्या चित्राच्या नकलेत तो वापरला की हिरवे रंग भलतेच थंड आणि झणझणीत होतात. एक चपटा १२ नंबरचा आणि एक गोल ४ नंबरचा ब्रश पुरे. त्याहून बारीक ब्रश हाताशी असला की पानं मोजत बसण्याचा मोह होतो.

नकलेची लांब बाजू १८ सेंटिमीटर ठेवा आणि मूळ चित्राचं प्रमाण पाळा. मूळ चित्राची लहान बाजू भागिले मोठी बाजू, गुणिले १८, एवढाच हिशोब. फ्लेमिश चित्रकार ब्रॉयगेलचं १५६५ सालचं ‘बर्फातले शिकारी’ ११७ बाय १६२ सेंटिमीटर आहे, म्हणून त्याची नक्कल १३ बाय १८ होते. प्रमाण चुकलं तर क्षितिजाची जागाही चुकते आणि मग अभ्यासच वाया जातो.

चित्राची प्रतिमा शक्यतो संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. इतरत्र फिरणाऱ्या प्रतिमा कडांना कापलेल्या असतात आणि त्यांचा भडकपणा वाढवलेला असतो. रंगाला हात लावण्याआधी काळा, मधला करडा आणि पांढरा अशा तीनच टोनमध्ये (टोन म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा) काडेपेटीएवढं स्केच काढा. डोळे बारीक करून पाहिलं की टोन आपोआप वेगळे होतात. या स्केचला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल, तर तुम्ही तपशिलात शिरला आहात.

पहिला अभ्यास: तीन पट्ट्यांचं अंतर

योआखिम पातिनिर अँटवर्पमध्ये काम करायचा. १५२१ मध्ये जर्मन चित्रकार ड्युररनं रोजनिशीत त्याचा उल्लेख उत्तम निसर्गचित्रकार असा केला आहे. माद्रिदच्या प्राडो संग्रहालयात त्याचं संत जेरोमचं निसर्गचित्र आहे, ते घ्या. पुढे तपकिरी, मध्ये हिरवा, मागे निळा ही पद्धत त्यात स्वच्छ दिसते.

क्षितिज चित्राच्या बरंच वर येतं. खालच्या पट्ट्यासाठी अंबर आणि ऑकर, मधल्यासाठी ऑकरमध्ये अल्ट्रामरीन आणि थोडा पांढरा, शेवटच्यासाठी एक भाग अल्ट्रामरीनला पाच भाग पांढरा असं मिश्रण करा. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पट्टे झेंड्यासारखे वेगळे पडतात. सांधा ओला असतानाच दोन्ही रंग सेंटिमीटरभर एकमेकांत मिसळा आणि उरलेल्या सांध्यावर झाड किंवा खडक आणा. पातिनिरचे उभे कडे नेमकं हेच काम करतात.

आणखी एक गोष्ट नकलेतच लक्षात येते. जमीन उंचावरून पाहिल्यासारखी आहे, पण खडक आणि घरं समोरून पाहिल्यासारखी. एका जागी उभं राहून असं दृश्य दिसणं शक्य नाही. डोंगर, बंदर, शेत, गाव असं सगळं जग एकाच चित्रात आणण्यासाठी त्यानं खरी उभं राहण्याची जागा सोडून दिली. म्हणून नकलेत यथार्थदर्शन, म्हणजे एका जागेवरून जसं दिसेल तसं काढण्याची रीत, ‘सुधारू’ नका.

दुसरा अभ्यास: क्षितिज खाली आलं

१७व्या शतकातल्या डच चित्रकारांनी क्षितिज चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात, कधी त्याहूनही खाली आणलं. चित्रकार आता माणसाच्या उंचीवर, किंवा फार तर एखाद्या वाळूच्या टेकाडावर उभा आहे. याच्याशी बाजाराचा संबंध आहे. यान फान गोयेनसारखे चित्रकार मुख्यतः खुल्या बाजारासाठी, घरात टांगायची लहान चित्रं करत होते. पातळ रंग, मोजक्या छटा आणि झटपट काम हे त्या बाजाराला धरून होतं. त्याच्या १६३० आणि १६४०च्या दशकांतल्या चित्रांत रंग इतका पातळ आहे की काही ठिकाणी खालच्या लाकडाच्या रेषा दिसतात.

कागदाला आधी ऑकर आणि चिमूटभर अंबरचा पातळ वॉश (पाणीदार रंगाचा थर) देऊन पूर्ण वाळू द्या. मग फक्त अंबर, ऑकर, काळा आणि पांढरा वापरा. अल्ट्रामरीन आकाशाच्या एखाद्याच फटीत. जमिनीचा निम्मा भाग वॉशचाच राहू द्या. तोही रंगवून झाकला की चित्र जड होतं आणि हवा निघून जाते.

यानंतर त्याच कागदाच्या दुसऱ्या अर्ध्यावर डच चित्रकार रॉइसडालचं हार्लेम शहराचं दृश्य करा. मॉरित्सहाउस संग्रहालयातल्या चित्रात आकाशानं सुमारे दोन तृतीयांश जागा घेतली आहे. खाली जमिनीवर ऊन आणि ढगांची सावली यांचे आडवे पट्टे एकाआड एक येतात. अंतर दाखवायचं काम आता हे उजेडाचे पट्टे करतात, पातिनिरचे रंगपट्टे नाहीत. जवळचा पट्टा रुंद, मग अरुंद, क्षितिजाशी केसाएवढा. ढगांनाही हाच नियम लागू. डोक्यावरचे ढग मोठे आणि ठळक कडांचे, क्षितिजाजवळचे लहान, चपटे, फिकट. सगळे ढग एकाच मापाचे काढले तर आकाश मागे न जाता भिंतीसारखं उभं राहतं.

या काळातली चित्रं उतरवताना रंगांवर आंधळा विश्वास ठेवू नका. हिरव्यासाठी निळ्यात मिसळलेले वनस्पतीजन्य पिवळे रंग उजेडानं विटतात, म्हणून काही चित्रांतली झाडं आज निळसर दिसतात. स्मॉल्ट हा काचेपासून केलेला निळा तेलात करडा पडतो. तांब्यापासून केलेला हिरवा तपकिरी होऊ शकतो. पिवळं पडलेलं व्हार्निश तर सगळ्याच निळ्यांना हिरवट करतं. नक्कल दिसतं तशीच करा, पण ‘त्या काळी निळी झाडं आवडत’ असा निष्कर्ष काढू नका. टोनमध्ये असे बदल तुलनेनं कमी जाणवतात. सुरुवातीचं तीन टोनचं स्केच त्यासाठीही महत्त्वाचं.

तिसरा अभ्यास: क्लोदची चौकट

त्याच शतकात रोममध्ये क्लोद लोराँ वेगळ्याच वाटेनं गेला. लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं १६४८चं ‘शेबाच्या राणीचं प्रयाण’ घ्या. सूर्य चित्रातच, क्षितिजाच्या थोडा वर आहे. बाजूला उभ्या इमारती आहेत आणि उजेड थेट आपल्याकडे येतो. त्याच्या गावाकडच्या दृश्यांत इमारतींची जागा एका बाजूचं काळसर झाड घेतं.

आधी पाच टोनची पट्टी बनवा. १ म्हणजे सर्वांत गडद, ५ म्हणजे सूर्याजवळचं आकाश. चौकटीला, म्हणजे कडेच्या इमारतींना किंवा झाडाला, १, त्यामागच्या गोष्टींना २, मग ३, मग ४. प्रत्येक पायरीवर फिकटपणा वाढतो तसा त्या पायरीतल्या उजेड-सावलीचा फरकही कमी व्हायला हवा. बहुतेक नकला इथेच फसतात. लांबचा मनोरा फिकट काढतात, पण त्याची सावली गडदच ठेवतात आणि मनोरा उडी मारून पुढे येतो.

चित्रातली माणसं अंगठ्यानं झाका. चित्राचं फारसं काही बिघडत नाही, तरी शीर्षकात मात्र राणी आहे. फ्रेंच अकादमीसाठी लेखक फेलिबियँनं १६६७ मध्ये मांडलेल्या चित्रविषयांच्या उतरंडीत इतिहास आणि पुराणातले प्रसंग सर्वांत वर होते, निसर्गचित्र बरंच खाली. छोटीशी पौराणिक मंडळी आणली की चित्राला मान मिळे. अशा ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी फ्रान्समध्ये स्वतंत्र रोम पुरस्कार (रोमला जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती) सुरू व्हायला १८१७ उजाडलं.

चौथा अभ्यास: घड्याळ लावून आकाश

हा अभ्यास नकलेचा नाही, पद्धतीचा आहे. फ्रेंच चित्रकार व्हालाँसिएननं १८०० साली छापलेल्या ग्रंथात बाहेर बसून करायच्या अभ्यासाला जास्तीत जास्त दोन तास, आणि सूर्योदय-सूर्यास्ताला अर्धा तास एवढीच मुदत दिली होती, कारण त्यापुढे उजेड बदललेला असतो. दुमडता येणारी धातूची रंगनळी जॉन रँडनं १८४१ मध्ये पेटंट केली, म्हणजे बाहेर बसून तैलरंगात काम करणं नळीच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. नळीमुळे ते सोपं झालं, रंग भरलेल्या डुकराच्या मूत्राशयाच्या पुड्या बाळगायची गरज उरली नाही. ‘नळी आली आणि चित्रकार घराबाहेर पडले’ हे वाक्य म्हणूनच अर्धंच खरं आहे.

इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलनं १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळच्या हॅम्पस्टेडला कागदावर तैलरंगात ढगांचे अभ्यास केले आणि त्यांतल्या अनेकांच्या मागे तारीख, वेळ, वारा यांची नोंद केली. तुम्ही कागदाला बर्न्ट सिएनाचा फिका थर द्या, तीस मिनिटांचा गजर लावा आणि खिडकीशी बसा. आधी ढगाची सावलीची बाजू, मग उजेडाची, शेवटी मधला निळा. उलट क्रमानं गेलात तर निळा भरेपर्यंत ढग निघून गेलेला असतो. एकदा धरलेला आकार सोडू नका. समोरचा ढग बदलतोय म्हणून चित्रातलाही बदलत राहिलात तर हाती चिखल उरतो. प्रशियन ब्लू आता वापरायला हरकत नाही, पण राईएवढाच, तो पांढऱ्याला लगेच गिळतो. मागे तारीख, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहा.

कॉन्स्टेबलसाठी ही स्केचं म्हणजे पूर्ण चित्र नव्हतं. ‘द हे वेन’ (१८२१) हे १३० बाय १८५ सेंटिमीटरचं चित्र त्यानं लंडनच्या स्टुडिओत केलं, आणि त्याआधी त्याच मापाचं तैलरंगातलं स्केच केलं. मूळ चित्र नॅशनल गॅलरीत आणि ते मोठं स्केच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दोन्ही शेजारी लावून पाहा. स्केचमधला मोकळेपणा पुढे कुठे दाबला गेला ते दिसेल, आणि नंतरच्या पिढीला तो मोकळेपणाच का हवासा वाटला तेही.

पाचवा अभ्यास: एकच विषय, तीन वेळा

फ्रेंच इम्प्रेशनिस्ट (क्षणिक उजेड टिपणारा) चित्रकार मोनेनं १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची सुमारे पंचवीस चित्रं केली आणि त्यांतली पंधरा मे १८९१ मध्ये पॅरिसला एकत्र मांडली. इथे अंतराचा प्रश्न मागे पडतो, मधल्या हवेचा रंग हाच विषय होतो.

एखादी साधी, ठसठशीत आकाराची वस्तू निवडा. तिचं एकच रेखाटन तीन कागदांवर ट्रेस करा, म्हणजे फरक फक्त उजेडाचा राहील. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी प्रत्येकी चाळीस मिनिटं. काळा आणि अंबर काढून टाका. कॅडमियम यलो, अलिझरिन क्रिमसन आणि व्हिरिडियन घ्या. सावलीचा रंग आधी ठरवून बसू नका. ‘इम्प्रेशनिस्ट सावली जांभळी’ ही ऐकीव गोष्ट आहे, समोरची सावली हिरवट असेल तर हिरवटच घाला. तिन्ही चित्रं कृष्णधवल फोटोत सारखीच दिसली पाहिजेत असं नाही, पण रंगीत असताना सारखी दिसली तर तुम्ही आठवणीतून रंगवलं आहे.

सहावा अभ्यास: न रंगवलेलं धुकं

काळाच्या हिशोबानं हा पहिला यायला हवा. चिनी चित्रकार गुओ शीचं ‘वसंताची सुरुवात’ १०७२ सालचं आहे, पातिनिरच्याही साडेचारशे वर्षं आधीचं. तरीही तो शेवटी ठेवा, कारण शाईला हात वेगळा लागतो, आणि आतापर्यंतच्या सवयी इथे एकेक करून सोडाव्या लागतात. रेशमावरचं हे लटकतं चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे.

गुओ शीनं तीन अंतरं सांगितली आहेत: पायथ्याशी उभं राहून शिखराकडे पाहताना दिसणारी उंची, पुढच्या डोंगरावरून मागच्यांकडे पाहताना दिसणारी खोली, आणि जवळच्या डोंगरावरून लांबवर पसरलेलं सपाट अंतर. एकाच चित्रात ही तिन्ही येतात, नजर चालत राहते. आधी स्केचवर तिन्हींच्या जागा खुणेनं नोंदवा.

पाच वाट्यांत एकेक चमचा पाणी घ्या आणि त्यात १, २, ४, ८, १६ थेंब शाई टाका. फिकटाकडून गडदाकडे जा, कारण शाई पुसता येत नाही. धुक्याच्या जागी कागद कोरा ठेवा. त्याच्या कडेला स्वच्छ पाण्याचा ब्रश आधी फिरवा आणि मग फिकी शाई त्या ओलाव्यात सोडा, कड आपोआप विरते. पांढऱ्या रंगानं धुकं काढलं तर ते कापसासारखं वर चिकटलेलं दिसतं. सगळ्या खडकांवर एकाच बाजूनं ऊन पाडायची सवयही सोडा, इथे एक सूर्य ठरलेला नाही.

सहाही अभ्यास झाले की प्रत्येकात क्षितिज खालून किती टक्क्यांवर आहे ते पट्टीनं मोजून मागे लिहा. गुओ शीच्या नकलेत एकच क्षितिज सापडणार नाही, तिथे तीन अंतरांच्या जागा लिहा. नकलांमागे मूळ चित्रकार, साल, संग्रहालय, मूळ माप आणि ठळक अक्षरात ‘नक्कल’ हा शब्द हवाच. गॉशचा थर घासल्यानं उडतो, म्हणून कागद एकमेकांवर ठेवताना मध्ये बटर पेपर घाला.