हिवाळ्यात गाडीतलं इमर्जन्सी सामान: असतं सगळं पण वेळेला हाताला लागत नाही, या चुका टाळा

डिसेंबर आला की पुण्यातले लोक शनिवारी पहाटे पाचला गाडी काढतात, कोणी महाबळेश्वर, कोणी भंडारदरा, कोणी अष्टविनायक, आणि आता तर इथून थेट मनालीपर्यंत स्वतःची गाडी घेऊन जाणारेही खूप झालेत. गाडीत काय काय ठेवायचं याची यादी बऱ्याच जणांना पाठ असते आणि सामानही असतं, पण ते अंधारात, थंडीत, एकट्या माणसाला पटकन सापडेल आणि सापडल्यावर चालेल असं ठेवलेलं नसतं. घोळ सगळा तिथे होतो.

सगळं डिकीत आणि वर बॅगा

जंपर केबल (बसलेली बॅटरी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जोडायची वायर), टॉर्च, ट्रँगल (गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायचा चमकणारा त्रिकोण), फर्स्ट एड, सगळं डिकीत तळाला, त्यावर चार बॅगा, त्यावर उशा आणि खाऊच्या पिशव्या. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांची डिकी इलेक्ट्रिक बटणावर उघडते, म्हणजे बॅटरी पूर्ण बसली की डिकीही उघडत नाही आणि केबल नेमकी आत अडकते. रिमोटच्या आत एक छोटी चावी लपलेली असते, तिने ड्रायव्हरचा दरवाजा उघडतो, हे कित्येकांना माहीतच नसतं. आजच घरी ती काढून लावून बघा, आणि मागची सीट पाडून डिकीत हात पोचतो का तेही बघा.

केबल, टॉर्च, चमकणारं जॅकेट आणि एक शाल एवढं तरी एका पिशवीत घालून मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. ड्रायव्हरच्या सीटखाली मात्र काहीच नको, जोरात ब्रेक मारला की बाटली किंवा टॉर्च घरंगळत पेडलखाली येते आणि मग ब्रेक दाबलाच जात नाही.

सीएनजीवाल्यांचं अजून अवघड, टाकीनेच डिकी भरलेली, आणि काही गाड्यांमध्ये स्टेपनी टाकीखाली किंवा टाकीच्या मागे अशी बसवलेली असते की काढायची युक्ती माहीत नसेल तर ती निघतच नाही. सर्व्हिसिंगला गाडी देताना तिथल्या माणसाला समोर काढून दाखवायला सांगा, लाजू नका.

चार चाकांत हवा, पाचव्यात नाही

पेट्रोल पंपावर हवा भरताना स्टेपनी कोण चेक करतं? वर्षभर तशीच पडून असते आणि लागते तेव्हा बसलेली निघते. काही नवीन गाड्यांना स्टेपनीच नसते, २०२० साली नियम बदलला, ट्यूबलेस टायर, प्रेशर दाखवणारी सिस्टीम आणि पंक्चर किट असेल तर कंपनीने स्टेपनी दिलीच पाहिजे असं नाही. तुमच्या गाडीत नेमकं काय आहे ते निघायच्या आधी बघा. किटमधल्या सीलंटच्या, म्हणजे छिद्र बुजवणाऱ्या द्रवाच्या, बाटलीवर एक्स्पायरी असते, आणि टायर साइडने फाटला तर ते किट काही कामाचं नाही.

दुसरं म्हणजे नट. टायरवाला गनने नट एवढे आवळतो की गाडीबरोबर आलेल्या छोट्या पान्याने ते हलत नाहीत, थंडीत बोटं बधीर झालेली असतात तेव्हा तर नाहीच. लांब दांड्याचा पाना घ्या, नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे सहज मिळतो, आणि अलॉय व्हीलला लॉक नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला वेगळ्या आकाराचा नट) असेल तर तो काढायची सॉकेट कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी ठाऊक असू द्या.

तापमान ५-६ अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने कमी होते. दुपारी ३० अंशात ३३ भरलेली असेल तर पहाटे ८ अंशाला ती २९ च्या आसपास येते, म्हणून सकाळी सकाळी डॅशबोर्डवर हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागतो. पंक्चर समजून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. स्वतःचा प्रेशर गेज घेऊन ठेवा आणि हवा टायर थंड असतानाच मोजा.

जंपर केबल आहे, पण ती चालेल का?

पुण्यात हिवाळ्यात पारा १० च्या खाली जातोच, १९३५ च्या जानेवारीत तर १.७ पर्यंत उतरला होता. थंडीत बॅटरीची ताकद कमी होते आणि इंजिन फिरवायला उलट जास्त ताकद लागते, त्यामुळे तीन-चार वर्षं झालेली बॅटरी हमखास एखाद्या गार सकाळी मान टाकते. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी फुल, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. डिसेंबरआधी एकदा चेक करून घ्या.

स्वस्त केबल बाहेरून जाड दिसते पण ते सगळं प्लास्टिक असतं, आत तांबं जेमतेम. तिने दुसऱ्याची गाडी लावूनही तुमची चालू होत नाही. आणि जोडायचा क्रम बरेच जण चुकवतात. आधी लाल तुमच्या बसलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग लाल दुसऱ्या गाडीच्या प्लसला, मग काळी त्या चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, कारण तिथे ठिणगी पडते आणि बॅटरीतून निघणारा गॅस पेट घेऊ शकतो. हा क्रम कागदावर लिहून केबलच्या पिशवीतच ठेवा, त्या वेळी फोनला रेंज असेलच असं नाही. हायब्रिड किंवा ईव्ही असेल तर आधी मॅन्युअल बघा.

ट्रँगल गाडीच्या बुडाला चिकटून

१०० च्या स्पीडने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे येते. ट्रँगल दहा पावलांवर ठेवला तर मागच्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. साध्या रस्त्यावर निदान ५० मीटर मागे, एक्सप्रेसवेवर १०० तरी, आणि घाटात वळणाच्या अलीकडे, म्हणजे वळायच्या आधीच दिसेल असा. ठेवायला जाताना जॅकेट अंगात हवं, ट्रँगल समोर धरून चाला, आणि काम झालं की गाडीत बसून राहू नका, सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करा.

हे मी जास्त पोटतिडकीने सांगतोय कारण आपल्याकडे थंडी, धुकं आणि उसाचा सीझन एकाच वेळी येतो. सोलापूर रोड, दौंड, बारामती, नगरकडचा भाग, पहाटे रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या आणि मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. धुक्यात लो बीम आणि फॉग लॅम्प लावा, चालत्या गाडीला हजार्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, तुम्ही उभे आहात का वळताय ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर एसी चालू करून बाहेरची हवा आत घ्या, नुसतं फडक्याने पुसून ती परत धरते.

टॉर्चमध्ये सेल घालून वर्षभर ठेवू नका, गळतात आणि टॉर्च जाते. सेल वेगळे ठेवा, आणि शक्यतो डोक्याला लावायची टॉर्च घ्या, चाक बदलताना दोन्ही हात मोकळे राहतात.

बर्फात जाणार असाल तर

इथे चूक जिवावर येते. २०२२ च्या जानेवारीत पाकिस्तानातल्या मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत २० पेक्षा जास्त माणसं गेली, थंडीबरोबर कार्बन मोनॉक्साइड हेही कारण सांगितलं गेलं. सायलेन्सर बर्फाने बुजला आणि हीटरसाठी इंजिन चालू ठेवलं की तो वायू गाडीत भरतो, वास येत नाही, झोप लागते आणि माणूस उठत नाही. छोटं फावडं गाडीत आत ठेवा, आधी सायलेन्सर मोकळा करा, तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा. उरलेल्या वेळेला ब्लँकेट, कानटोपी, कोरडे मोजे. चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू खायला बेस्ट. पाण्याची बाटली काठोकाठ भरू नका, गोठून फुटते.

घरात कोणाला इन्शुलिन असेल तर ते रात्री गाडीत राहू देऊ नका, एकदा गोठलं की वापरता येत नाही. अंगावरच्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, पॉवर बँक आणि फोनही तसेच.

डिझेलवाल्यांनी इथून टाकी भरून वर जाऊ नये, आपल्याकडचं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊन फिल्टर चोक करतं. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशापर्यंत चालणारं डिझेल आणलं, ते त्यासाठीच. इथलं डिझेल वाटेत संपत येऊ द्या आणि थंड भागातल्या पंपावर भरा. कोणी रॉकेल मिसळायला सांगेल, बीएस ६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतल्या) गाडीत अजिबात नको. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते गोठून इंजिन फोडतं, निम्मं कूलंट हवंच.

स्नो चेन तुमच्या टायरवर छापलेल्या साइजचीच घ्या, आणि फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांना. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा हातमोजे घालून लावून बघा. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, जाम होतो. सपाट जागा बघून गाडी गिअरमध्ये घाला आणि चाकाला दगड लावा. आणि सकाळी काचेवर गरम पाणी नको, तडा जातो.

११२ सगळीकडे, १०८ अँब्युलन्स, नॅशनल हायवेवर १०३३, हे नंबर कागदावर लिहून आरशाच्या मागे लावा. फेब्रुवारी संपला की पॉवर बँक, सेल, आणि जंप स्टार्टर (बसलेल्या बॅटरीची गाडी चालू करायची छोटी चार्जेबल बॅटरी) असेल तर तोही गाडीतून काढा, आपल्या एप्रिलच्या उन्हात बंद गाडी भट्टी होते आणि लिथियम बॅटरी त्यात फुगते. बाकी केबल, पाना, ट्रँगल गाडीतच राहू दे, पावसाळ्यात ताम्हिणीत लागतील.