फिल्म कॅमेऱ्याची बॅग: नागपूरच्या उन्हापावसात कोणती घ्यायची

बॅग पाहायला दुकानात जायच्या आधी घरीच एक काम करा, टेबलावर कॅमेरा ठेवा आणि बाजूला फक्त तेवढंच सामान मांडा जे तुम्ही खरोखर बाहेर नेता. माझं म्हणाल तर पेंटॅक्स के१०००, त्यावर ५० एमएमची लेन्स, सोबत एक २८ची, तीन रोल, धूळ उडवायचा ब्लोअर, एलआर४४चे (बटणासारखे छोटे) दोन सेल आणि धुतलेलं सुती फडकं, झालं. अजून दोन लेन्स आहेत पण त्या वर्षातून एकदोनदा निघतात, आणि सुरुवातीला मी नेमका त्यांचाच विचार करून मोठ्ठी बॅकपॅक घेतली, मग जागा आहे म्हणून सगळंच भरायचो, फुटाळा तलावाला एक चक्कर मारेस्तोवर खांदा भरून यायचा आणि हळूहळू कॅमेरा घरीच राहायला लागला. म्हणून सांगतो, बॅग लहान घ्या, मनातून वाटते त्याच्याही एक साइज लहान.

दुसरं म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांचा आकार. आजकालच्या बॅगांमधले कप्पे जाड ग्रिपच्या डिजिटल कॅमेऱ्याच्या हिशोबाने केलेले असतात, के१००० किंवा निकॉन एफएम२ सारखी चपटी धातूची बॉडी त्यात सैल बसते आणि गाडी खड्ड्यातून गेली की आतल्या आत आपटत राहते. वरचा प्रिझमचा, म्हणजे व्ह्यूफाइंडरवरच्या उंचवट्याचा कोपरा पहिले मार खातो, सेकंडहँड कॅमेरा घेताना मी सगळ्यात आधी तिथेच बोट फिरवून पोचा आहे का पाहतो. तर बॅग घ्यायला जाताना कॅमेरा सोबत न्या, आत ठेवा, चेन लावा आणि कानाजवळ धरून हलवा, ठकठक ऐकू आलं तर पार्टिशन सरकवून पहा, तरी वाजते तर ती बॅग तुमच्या कॅमेऱ्याची नाही. याशिका मॅट-१२४जी सारखा दोन भिंगांचा उभा कॅमेरा असेल तर वेगळंच, त्याचं वजन किलोच्या वर जातं आणि साध्या बॅगेत आडवा कोंबला की बाजूचा क्रँक नाहीतर फोकसचा नॉब दाबला जातो. त्याला उभं राहता येईल अशी खोल, बादलीसारखी बॅगच पाहिजे.

आता बॅग उघडते कशी, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. गणपतीच्या आधी मूर्तिकारांच्या चितार ओळीत एकदा जाऊन पहा म्हणजे कळेल मी काय म्हणून राहिलो ते. पायाखाली चिखल, दोन्हीकडे ओल्या मूर्ती, बॅग टेकवायला इंचभर जागा नाही आणि नेमका तिथेच ३६वा फोटो निघून रोल पुढे न्यायचा लिव्हर अडतो. मग खालचं बटण दाबून रोल गुंडाळायचा, मागचं झाकण उघडायचं, जुना डबीत, नवा बाहेर, त्याचं टोक स्पूलच्या खाचेत अडकवायचं, दोन फ्रेम पुढे न्यायच्या, आणि हे सगळं उभ्या उभ्या दोनच हातांनी. बॅकपॅक असली तर तिथेच संपलं. खांद्याची बॅग असली तर ती पोटावर ओढता येते, तिच्या पाठीवर कॅमेरा टेकवून रोल बदलता येतो, फक्त तिचं झाकण आपल्या अंगाकडे नाही, बाहेरच्या बाजूला उघडणारं पाहिजे म्हणजे मान वाकवली की आतलं सगळं दिसते. नव्या रोलचा खिसा आणि झालेल्या रोलचा खिसा वेगळे ठेवा, डावा नवा उजवा झालेला असं काहीतरी, आणि ते कधीच बदलू नका. एकाच रोलवर दोनदा फोटो काढून मूर्तिकाराच्या हातावर संत्रा मार्केट छापलेलं मी पाहिलं आहे, फार जीव तुटतो.

के१००० वाल्यांसाठी दोन गोष्टी. त्याला उजेड मोजणारं मीटर बंद करायचं बटणच नाही, उजेड पडला की सेल खर्च होतो, त्यामुळे बॅगेत टाकताना लेन्सची टोपी लावायचीच. आणि लिव्हर ओढून ठेवलेला कॅमेरा बॅगेत टाकू नका, बटणावर काही दाबलं गेलं की एक फ्रेम गेली. फेड, झोर्कीसारखे शटरला कापडी पडदा असलेले सोव्हिएत रेंजफाइंडर कॅमेरे ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर टोपी विसरूच नये, त्यांच्यात आरसा नसतो आणि लेन्स सूर्याकडे राहिली की पडद्याला चक्क भोक पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा असा कॅमेरा गळ्यात टोपीशिवाय लटकवून फिरू नका.

उन्हाचं अजून एक. काळी बॅग दिसायला भारी पण तापते, खाकी किंवा फिकट रंगाचं कॅनव्हास घ्या. बंद गाडीत, डिक्कीत रोल ठेवू नका, गरम झालेल्या कलर फिल्मचे रंग बिघडतात. मी रोल टिफिनच्या थर्मल पाऊचमध्ये घालून तो पाऊच बॅगेत ठेवतो. घरी रोल फ्रिजमध्ये असतील तर बाहेर काढून तासभर तरी डबीतच राहू द्या, लगेच उघडलं तर आत दव धरते.

पट्टा मात्र दुकानातच जोरात ओढून पहा. मारबतीच्या मिरवणुकीत, भर गर्दीत, माझ्या बॅगेचा प्लास्टिकचा हूक तुटला, नवी बॅग होती, चार महिनेही झाले नव्हते. कॅमेरा गळ्यात होता म्हणून वाचला, २८ची लेन्स पडली आणि तिची फिल्टरची रिंग वाकली. तेव्हापासून हूक धातूचा आणि पट्टा बॅगेच्या खालून फिरवून शिवलेला असेल तरच घेतो, नुसता वरच्या कोपऱ्यांना टाचलेला नाही.

आणि पावसाळा. बाबांची याशिका कित्येक वर्षं तिच्याच चामड्याच्या केसमध्ये कपाटात होती, मी काढली तेव्हा केसला कुबट वास होता आणि टॉर्च लावून लेन्समधून पाहिलं तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. फंगस. चामडं आणि फोम दोन्ही ओल धरून ठेवतात म्हणून जून ते सप्टेंबर कॅमेरा बॅगेत ठेवायचाच नाही, फिरून आलं की बाहेर काढायचा, बॅग पंख्याखाली उघडी टाकायची, आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलसोबत. नारिंगी सिलिका जेल घ्या, ओल पिऊन रंग बदलला की स्वयंपाकात न वापरायच्या एखाद्या जुन्या तव्यावर मंद आचेवर वाळवता येते. डब्यात छोटा आर्द्रतेचा मीटर ठेवला तर उत्तम, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. फार कोरडंही नको.

बजेट नसेल तर तयार कॅमेरा बॅग घ्यायचीच गरज नाही. मी दोन वर्षं जाड कॅनव्हासची शबनम वापरली. जुन्या योगा मॅटचे तुकडे कापून, त्यावर मऊ सुती कापड चढवून टेलरकडून चौकोनी खोका शिवून घेतला आणि तो आत बसवला, कोणाला कळतही नाही आत कॅमेरा आहे. कापायच्या आधी मात्र पट्टा आणि टोपी लावून कॅमेऱ्याचं माप घ्या आणि चारही बाजूंनी एकेक बोट जास्त धरा. माझा पहिला खोका पट्ट्याची जागाच न धरता शिवला गेला होता, तो टेलरने उसवून परत शिवून दिला.