केक मध्ये बसायचा, कारण कप लहान होता

नेरूळला घरी अमेरिकन रेसिपीने केक केला की तो मध्ये बसायचा आणि अंड्याचा वास यायचा. ओव्हन बरोबर होता: ३५० फॅरेनहाइट म्हणजे साधारण १८० सेल्सिअस. मग माझा संशय कपावर गेला. बाजारातून आणलेल्या सेटवर नुसतं ‘१ कप’ होतं, मिली कुठेच नाही.

वजनकाट्यावर रिकामा कप ठेवून आकडा शून्य केला आणि काठोकाठ पाणी भरलं. १ मिली पाणी जवळपास १ ग्रॅम भरतं, त्यामुळे कपाचं माप लगेच कळतं. २०० निघालं! अमेरिकन कप सुमारे २४० मिलीचा. म्हणजे मैदा, साखर कमी पडत होती आणि अंडी मात्र रेसिपीत होती तेवढीच.

आता मी ग्रॅमवरच करते. १ कप साखर २०० ग्रॅम, लोणी २२७. मैद्याचं जरा जपून: चमच्याने हलक्या हाताने भरून सुरीने सपाट केला तर १२० ते १२५ ग्रॅम, पण कप थेट डब्यात खुपसला तर मैदा दाबला जाऊन १४०-१५० पर्यंत जातो. टेबलस्पून १५ मिली, टीस्पून ५. ऑस्ट्रेलियन रेसिपी असेल तर टेबलस्पून २० मिलीचा. घरातल्या पोह्याच्या चमच्याने बेकिंग सोडा घालू नका, प्रत्येक चमचा वेगळा असतो.

शिऱ्याला हे काही लागत नाही. रवा, साखर, पाणी एकाच वाटीने घेतलं की झालं.