रक्ततपासणीवरून पक्षाघाताचा धोका सांगताना या चुका टाळा

एचएस-सीआरपी (सूज दाखवणाऱ्या सीआरपी प्रथिनाचं अतिसंवेदनशील मोजमाप), होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल), लायपोप्रोटीन (ए) (कोलेस्टेरॉल वाहणारा एक कण), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरच्या ताणाची खूण), डी-डायमर (गुठळी विरघळताना उरणारा तुकडा). अशा नावांचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी जाते ती ठळक छापलेल्या, मर्यादेबाहेरच्या आकड्याकडे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हे मार्कर, म्हणजे धोक्याची खूण म्हणून मोजले जाणारे रक्तातले घटक, निरुपयोगी मुळीच नाहीत. योग्य माणसात, योग्य वेळी, नीट घेतलेल्या नमुन्यात मोजले तर ते कामाची माहिती देतात. पण त्याच त्या चुका वर्षानुवर्षं होत राहतात आणि बहुतेकींच्या मुळाशी घाई असते. या कामात नव्याने आलेले डॉक्टर, लॅबमधली मंडळी आणि आकडेवारीवरून मॉडेल बांधणारे संशोधक या तिघांनाही त्या लागू आहेत.

रक्तदाब न मोजताच ट्यूब भरणे

वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि नाडीची लय या पाच गोष्टी कागदावर आल्याशिवाय सुई उघडू नये. ३२ देशांत झालेल्या इंटरस्ट्रोक अभ्यासात (२०१६) बदलता येण्याजोग्या दहा घटकांनी मिळून पक्षाघाताच्या सुमारे ९० टक्के धोक्याचा हिशेब लागला. त्यात सर्वांत मोठा वाटा उच्च रक्तदाबाचा होता आणि दहांतले बहुतेक घटक ट्यूबमध्ये सापडणारे नव्हते. रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवा, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा रक्तदाब घ्या, सरासरी लिहा. नाडी अनियमित लागली तर ईसीजी काढा. एवढं न करता महागडं पॅनेल मागवणं हा आळस आहे.

होमोसिस्टीनची ट्यूब टेबलावर पडून राहणे

सर्वाधिक नुकसान करणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक हीच. रक्त काढल्यावरही ट्यूबमधल्या तांबड्या पेशी जिवंत असतात आणि होमोसिस्टीन बाहेर सोडत राहतात. खोलीच्या तापमानाला, प्लाझ्मा (पेशी काढून उरणारा रक्तातला द्रव) वेगळा केला नाही तर आकडा तासाला साधारण दहा टक्क्यांनी चढतो. सर्वसाधारण मर्यादा ५ ते १५ मायक्रोमोल प्रति लिटर धरली जाते. म्हणजे सकाळी आठला काढलेलं, खरं मूल्य ११ असलेलं रक्त दुपारी बाराला सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) गेलं, तर रिपोर्टवर १५ च्या वरचा आकडा छापून येतो. निरोगी माणूस चार तासांत ‘धोक्यात’ जातो. मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुरू होतात. काही आठवड्यांनी दुसरा नमुना थेट लॅबमध्ये, लगेच फिरवून तपासला जातो, आकडा ११ येतो आणि ‘गोळ्यांचा गुण आला’ असा निष्कर्ष निघतो. गोळ्यांनी काहीच केलेलं नसतं, ट्यूब वेळेवर फिरवली गेली एवढंच.

संशोधनात हीच चूक जास्त महाग पडते. पाच केंद्रांतून नमुने येतात. त्यातलं एक केंद्र मुख्य लॅबपासून दूर असतं आणि नेमके तिथले रुग्ण वयस्क असतात. मॉडेल त्या केंद्राचा प्रवासवेळ शिकतं आणि आपण त्याला होमोसिस्टीनचा परिणाम म्हणतो. एकाच केंद्राचे सगळे आकडे चढे दिसले, तर रोगाची कारणं शोधण्याआधी घड्याळ बघा.

उपाय साधा आहे. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली ट्यूब घ्या, काढल्याबरोबर बर्फात ठेवा, तासाभराच्या आत सेंट्रिफ्यूज करा आणि प्लाझ्मा लगेच दुसऱ्या ट्यूबमध्ये काढा. एकदा पेशींपासून सुटला की तो टिकतो. साध्या सीरम ट्यूबला रक्त गोठायलाच अर्धा तास लागतो, म्हणून ती या कामासाठी टाळावी. प्रत्येक नमुन्यासमोर दोन वेळा लिहिण्याची शिस्त ठेवा: काढल्याची आणि फिरवल्याची. दोन्हींमध्ये तासाहून जास्त अंतर असेल तर तो नमुना बाद. ‘थोडाच उशीर झाला आहे, चालेल’ हे ऐकून घेऊ नका. आणि नीट घेतलेल्या नमुन्यातही आकडा चढा आला, तर बी-१२ आणि फोलेटची कमतरता, मूत्रपिंडाचं काम आणि थायरॉइड आधी तपासा.

एकक आणि इतर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

लायपोप्रोटीन (ए) मिलिग्रॅम प्रति डेसीलिटरमध्ये येतं तसंच नॅनोमोल प्रति लिटरमध्येही येतं. धोका वाढवणारी पातळी अनुक्रमे ५० आणि १२५ धरतात. एकाला ठराविक संख्येने गुणून दुसरं काढू नका. या कणातल्या प्रथिनाचा आकार माणसागणिक वेगळा असतो, त्यामुळे सगळ्यांना लागू पडणारा गुणकच नाही. ही तपासणी आयुष्यात बहुधा एकदाच पुरते, दर सहा महिन्यांनी मागवण्यात अर्थ नाही.

डी-डायमरच्या रिपोर्टवर एफईयू लिहिलंय की डीडीयू (ही दोन वेगळी एककं) ते वाचा, पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट असतो. निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरा: नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट.

सॅक्युबिट्रिल हे हृदयाचं औषध घेणाऱ्या रुग्णात बीएनपी (एनटी-प्रोबीएनपीसारखाच हृदयाचा मार्कर) औषधामुळेच चढतं, तिथे एनटी-प्रोबीएनपी मागवा. तेही वयाबरोबर आणि मूत्रपिंड मंदावलं की वाढतं, लठ्ठपणात कमी दिसतं.

साधं सीआरपी आणि एचएस-सीआरपी एक नव्हे. एचएस-सीआरपी १ मिलिग्रॅम प्रति लिटरखाली असेल तर कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर त्याला धोक्याचं मोजमाप समजू नका. सर्दी, हिरड्यांची सूज, लघवीचा संसर्ग असं काही आहे का बघा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. दोन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन सरासरी काढणं हाच योग्य रिवाज, कारण एकाच माणसात हा आकडा फार हलतो.

बायोटिन या जीवनसत्त्वाबद्दल विचारायला हमखास विसरलं जातं. रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम, पण केसांच्या आणि नखांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅमही असतं. बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनवर चालणाऱ्या काही तपासण्यांत त्यामुळे ट्रोपोनिनसारख्या (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्याचं सांगणाऱ्या) मार्करचा आकडा खोटा कमी येतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबद्दल इशारा दिला होता. ‘औषधं कोणती चालू आहेत?’ या प्रश्नाला लोक या गोळ्या सांगत नाहीत. ‘केसांसाठी काही घेता का?’ असं थेट विचारा.

झटका आल्यानंतरच्या रक्तावरून आधीचा धोका सांगणे

पक्षाघात झाल्यावर शरीरात जी धामधूम उडते, तिच्यात सीआरपी, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) आणि डी-डायमर वाढतात, तर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) पुढच्या काही दिवसांत घसरतं. म्हणून दाखल झालेल्या रुग्णांचं रक्त आणि निरोगी लोकांचं रक्त यांची तुलना करून ‘हा मार्कर पक्षाघाताचं भाकीत करतो’ असं लिहिणं चूक आहे. तो मार्कर झालेल्या घटनेची खूण सांगत असतो. भाकितासाठी रक्त घटनेच्या आधी काढलेलं, उणे ८० अंशांवर साठवलेलं आणि माणसांचा पुढे काही वर्षं मागोवा घेतलेला हवा. याला वेळ लागतो. त्याला पर्याय नाही.

जीएफएपी या मेंदूतल्या प्रथिनाचंही असंच. मेंदूत रक्तस्राव झाला की ते रक्तात लवकर आणि जास्त चढतं, त्यामुळे ‘आत्ता काय झालंय’ या प्रश्नात त्याचा उपयोग आहे. निरोगी माणसाला पुढे काय होईल हे विचारायला ते मागवू नका. तरुण रुग्णात प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिथ्रॉम्बिन (गुठळी रोखणारी प्रथिनं) तपासायचं असेल तर ऐन आजारात नको, आणि पहिली दोन वॉरफेरिन (रक्त पातळ करणारं औषध) चालू असतानाही नकोत. अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (गुठळ्यांशी संबंध असलेल्या) सापडल्या तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान लिहू नका.

‘तिप्पट धोका’ म्हणजे भाकीत असं समजणे

नवशिके सर्वाधिक इथे फसतात. एखाद्या मार्करचं ऑड्स रेशो (पॉझिटिव्ह-निगेटिव्हचं प्रमाण पक्षाघात होणाऱ्यांत, न होणाऱ्यांच्या किती पट) ३ आलं की आनंद होतो. मग हा हिशेब करून बघा. समजा मार्करची सीमा अशी ठेवली की पक्षाघात न होणाऱ्यांपैकी १० टक्के लोक ‘पॉझिटिव्ह’ ठरतात. ऑड्स रेशो ३ असेल तर पक्षाघात होणाऱ्यांपैकी फक्त २५ टक्के पकडले जातात. आता १००० माणसं घ्या, ज्यांतल्या २० जणांना पुढच्या काही वर्षांत पक्षाघात होणार आहे. मार्कर त्यातले ५ पकडतो, १५ सोडतो आणि उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांना विनाकारण घाबरवतो. पॉझिटिव्ह आलेल्या १०३ जणांपैकी खरे ५. तेवढ्याच खोट्या पॉझिटिव्हमध्ये ८० टक्के रुग्ण पकडायचे असतील तर ऑड्स रेशो ३६ लागेल. रक्तातला एकही मार्कर तिथवर जात नाही.

म्हणून पी-व्हॅल्यू (संबंध नसतानाही असा निकाल योगायोगाने दिसण्याची शक्यता) दाखवून थांबू नका. आधी वय, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची एक अनियमित लय) यांचं साधं मॉडेल बांधा. मग त्यात मार्कर घाला आणि सी-स्टॅटिस्टिक (पक्षाघात होणारे आणि न होणारे वेगळे ओळखण्याची क्षमता) किती हललं, कॅलिब्रेशन (सांगितलेला धोका प्रत्यक्षाशी किती जुळतो) सुधारलं की बिघडलं ते पाहा. ०.७५ चं ०.७६ झालं असेल तर तसंच प्रामाणिकपणे लिहा.

याच टप्प्यावरचे आणखी काही शॉर्टकट. कटऑफ (पॉझिटिव्ह ठरवणारी सीमा) ज्या माहितीवरून निवडला, त्याच माहितीवर तपासणे: आकडे नेहमीच छान येतात, दुसऱ्या गटात कोसळतात. ४० मार्कर एकदम तपासणे: पाच टक्क्यांच्या पातळीवर, एकाचाही संबंध नसताना, सरासरी दोन ‘सापडतात’. गुठळीचा आणि रक्तस्रावाचा पक्षाघात एकाच रकान्यात टाकणे: एलडीएल जास्त असलं की गुठळीचा धोका वाढतो, तर फार कमी एलडीएलचा संबंध रक्तस्रावाशी दिसतो. दोन्ही एकत्र केले की एक परिणाम दुसऱ्याला पुसतो. मार्कर सलग ठेवायचा सोडून ‘जास्त-कमी’ असे दोन तुकडे करणेही थांबवा, त्यात बरीच माहिती फेकली जाते.

आकडा उतरवला म्हणजे धोका उतरला असं मानणे

होमोसिस्टीनचा इतिहास यासाठी प्रत्येकाने वाचायला हवा. जास्त होमोसिस्टीन आणि जास्त पक्षाघात हा संबंध अनेक निरीक्षणांत दिसला होता. जीवनसत्त्वं स्वस्त, सुरक्षित, आकडा हमखास उतरवणारी. तरीही पक्षाघात होऊन गेलेल्या ३६८० रुग्णांवरच्या व्हिस्प चाचणीत (२००४) जास्त मात्रेने होमोसिस्टीन उतरलं, पण दुसरा पक्षाघात टळला नाही. ८१६४ रुग्णांच्या व्हिटाटॉप्समध्येही (२०१०) ठोस फायदा सिद्ध झाला नाही. मग २०१५ मध्ये चीनमधल्या २०,७०२ उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत एनालाप्रिलसोबत ०.८ मिलिग्रॅम फॉलिक आम्ल दिल्यावर पहिला पक्षाघात ३.४ वरून २.७ टक्क्यांवर आला. तिथे धान्यात सक्तीने फॉलिक आम्ल मिसळलं जात नव्हतं आणि मूळ फोलेट कमी असलेल्यांत फायदा जास्त दिसला. तेव्हा गोळी लिहिण्याआधी फोलेट आणि बी-१२ मोजा. कमतरता असेल तर ती भरून काढा. नुसत्या होमोसिस्टीनच्या आकड्याला औषध देऊ नका.

एनटी-प्रोबीएनपीचंही तेच. कारण न सापडलेल्या पक्षाघाताच्या रुग्णांत हा मार्कर २५० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल, किंवा ईसीजी वा इकोवर हृदयाच्या डाव्या अलिंदाचा (वरच्या कप्प्याचा) बिघाड दिसत असेल, तर रक्त पातळ करणारं औषध द्यावं, असा तर्क होता. तर्क उत्तमच होता. आर्केडिया चाचणीत (२०२४) अशा १०१५ रुग्णांत अपिक्साबॅन (रक्त पातळ करणारं औषध) आणि अॅस्पिरिन यांची तुलना झाली: दोन्ही गटांत वर्षाला ४.४ टक्के पुन्हा पक्षाघात. चढा आकडा दिसला तर लय शोधायला दीर्घकाळचं मॉनिटरिंग लावा, एट्रियल फिब्रिलेशन सापडलं की मग औषधाचा निर्णय घ्या. मधली पायरी गाळून थेट गोळीवर उडी मारणं रुग्णाला रक्तस्रावाच्या धोक्यात टाकतं.

नॉर्मल रिपोर्टवर विसंबणे

वरच्या हिशेबात मार्करने सोडलेले १५ जण आठवा. त्या सगळ्यांचा रिपोर्ट नॉर्मलच होता. म्हणून रिपोर्ट देताना प्रत्येकाला लक्षणं सांगा: चेहरा एका बाजूला वाकणं, एका हाताची ताकद जाणं, बोलणं अडखळणं. अशा वेळी ‘आधी रक्त तपासून घेऊ’ म्हणत लॅबच्या रांगेत उभं राहू नये, थेट स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी प्रत्येक रुग्णात करायलाच हवी अशी रक्ततपासणी एकच: साखर. रुग्ण रक्त पातळ करणारी औषधं घेत असेल तर गोठण्याच्या तपासण्याही लागतात, म्हणून त्याच्या औषधांची यादी सोबत न्या आणि तो शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा.