परदेशातला किंवा परराज्यातला घटस्फोट ठाणे-नवी मुंबईत मान्य कसा करून घ्यावा

ठाण्याच्या कोर्टनाक्यावर घटस्फोटाच्या डिक्रीची, म्हणजे कोर्टाच्या हुकुमाची, झेरॉक्स घेऊन येणारा माणूस वकिलाला पहिल्यांदा विचारतो, ‘हे इथे चालेल का?’ चांगला वकील त्याला उलट दोन प्रश्न विचारतो. केस चालू असताना समोरची व्यक्ती कोर्टात आली होती का? आणि घटस्फोट नेमक्या कोणत्या कारणावर मिळाला? परदेशी डिक्रीचं भवितव्य जवळजवळ पूर्णपणे या दोन उत्तरांवर ठरतं. शिक्का किती मोठा आहे किंवा कोर्ट किती नावाजलेलं आहे, याला फारसं महत्त्व नाही.

आधी परराज्याचा प्रश्न उरकून टाकू

डिक्री इंदूर, बडोदा, बेळगाव किंवा बंगळुरूच्या कोर्टाची असेल तर ठाण्यात ती वेगळी ‘मान्य’ करून घ्यावी लागत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६१ नुसार देशातल्या न्यायालयांच्या कामकाजाला सगळीकडे मान्यता आहे. तुम्हाला लागते ती त्या कोर्टाच्या नक्कल विभागातून घेतलेली प्रमाणित प्रत. निकाल कन्नड किंवा गुजराती भाषेत असेल तर मराठी किंवा इंग्रजी भाषांतरही जोडा. समोरच्याने दिलेल्या कागदाबद्दल शंका असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकून केस खरंच निकाली निघाली आहे का ते पाहा.

दुसरं लग्न ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा. हिंदू विवाह कायद्यात डिक्रीविरुद्ध अपिलाची मुदत ९० दिवस आहे. ती संपेपर्यंत, किंवा अपील झालं असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत, लग्न करू नका. हॉल बुक करून मग मुदत मोजणारे लोक भेटतात.

आणि हो, गावाकडे पंचांसमोर झालेली काडीमोड किंवा नोटरीने शिक्का मारलेली स्टँप पेपरवरची सोडचिठ्ठी ही डिक्री नव्हे. एखाद्या समाजात तशी रूढी असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात पुराव्याने सिद्ध करावी लागते. तोवर त्या कागदाच्या जोरावर पुढचं पाऊल टाकू नये.

परदेशी डिक्री: वकिलाकडे जाण्याआधी स्वतः वाचा

दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ म्हणतं की परदेशी निकाल पक्षकारांवर बंधनकारक असतो, पण सहा अपवाद सोडून. कोर्टाला अधिकारच नव्हता, निकाल गुणदोषांवर, म्हणजे बाजू आणि पुरावा तपासून, दिलेला नाही, जिथे भारतीय कायदा लागू होता तिथे तो मानलाच नाही, नैसर्गिक न्याय पाळला नाही (समोरच्याला बाजू मांडायची नीट संधीच दिली नाही), फसवणुकीने निकाल मिळवला, किंवा मागणीच भारतीय कायद्याच्या भंगावर उभी आहे, असं काही असेल तर डिक्री इथे टिकत नाही. फसवणुकीचं ठळक उदाहरण म्हणजे सत्या विरुद्ध तेजा सिंग, १९७५. पतीने अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात कायम वास्तव्य असल्याचं भासवून घटस्फोट घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही.

लग्नाच्या बाबतीत खरी कसोटी मात्र १९९१ च्या वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी या निकालातली. लग्न तिरुपतीला हिंदू पद्धतीने लागलेलं, घटस्फोट अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात. पतीने पुन्हा लग्न केलं आणि पहिल्या पत्नीने द्विभार्याची फौजदारी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशी कोर्टाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण, दोन्ही ज्या कायद्याखाली लग्न लागलं त्या कायद्यात बसले पाहिजेत. याला तीन सवलती आहेत. प्रतिवादी कायमची तिथेच राहणारी असेल आणि कारण आपल्या कायद्यातलं असेल; प्रतिवादीने स्वेच्छेने त्या कोर्टात हजर राहून केस लढवली असेल आणि कारणही आपल्या कायद्यातलं असेल; किंवा प्रतिवादीने घटस्फोटाला संमती दिली असेल.

आता हे तुमच्या कागदाला लावून पाहा. समजा ऐरोलीच्या मुलीचं लग्न इथेच वैदिक पद्धतीने झालं, ती काही महिन्यांत माहेरी परतली आणि नवऱ्याने न्यू जर्सीत ‘न जुळणारे मतभेद’ या कारणावर एकतर्फी घटस्फोट घेतला. हिंदू विवाह कायद्यात क्रूरता आहे, परित्याग आहे, व्यभिचार आहे. नुसते मतभेद हे कारण नाही. मुलगी तिथे हजरही नव्हती. अशी डिक्री इथे जवळजवळ निरुपयोगी समजा. उलट वाशीचं जोडपं लंडनला राहत होतं आणि दोघांनी मिळून अर्ज केला, तर संमती कागदावरच आहे. इंग्लंड-वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून असा संयुक्त अर्ज करता येतो. फक्त तुमच्या हातात ‘फायनल ऑर्डर’ आहे ना, ते बघा. ‘कंडिशनल ऑर्डर’ म्हणजे घटस्फोट अजून पुरा झालेला नाही. जुन्या केसमध्ये कंडिशनलला ‘डिक्री नायसाय’ आणि फायनलला ‘डिक्री अ‍ॅब्सोल्यूट’ म्हणत.

वाचताना डिक्रीवर चार जागी पेन्सिलने खूण करा: समन्स कुठे आणि कसं बजावलं, प्रतिवादी हजर होती की ‘डिफॉल्ट’ (म्हणजे तिच्या गैरहजेरीत निकाल) असा शब्द आहे, घटस्फोटाचं कारण, आणि अंतिम झाल्याची तारीख. वकिलाची पहिली अर्धी भेट यातच वाचते.

कागद जमवणं

झेरॉक्सवर काही होत नाही. नरसिंह राव प्रकरणातही डिक्रीची छायाप्रत पुरावा म्हणून चालली नव्हती. ज्या कोर्टाने निकाल दिला तिथून प्रमाणित प्रत मागवा आणि त्या देशात अपॉस्टिल (कागद खरा असल्याचं, करारातल्या देशांत चालणारं सरकारी प्रमाणपत्र) करून घ्या. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे, कॅनडा जानेवारी २०२४ पासून. करारात नसलेल्या देशाचा कागद असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून किंवा वाणिज्य दूतावासातून साक्षांकन लागतं. नुसती डिक्री नको. मूळ अर्ज, समन्स बजावणीचा पुरावा आणि समोरच्याचं उत्तर किंवा संमतीपत्र यांच्याही प्रती मागवा. खटला याच कागदांवर उभा राहतो आणि लोक नेमके तेच विसरतात. सोबत लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाची पानं ठेवा. कोण कधी कुठे राहत होतं हे त्यावरून दिसतं.

कुठे आणि काय दाखल करायचं

कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम ७ नुसार एखाद्या व्यक्तीची वैवाहिक स्थिती काय, हे जाहीर करून मागता येतं. तुमची मागणी साधारण अशी: अमुक कोर्टाच्या अमुक तारखेच्या डिक्रीने विवाह संपुष्टात आला असून अर्जदार घटस्फोटित आहे असं घोषित करावं. ठाणे शहरातल्यांनी ठाण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जावं. नवी मुंबईकरांनी आधी आपला जिल्हा बघावा. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. पत्त्यात ‘नवी मुंबई’ असलं तरी खारघरचा अर्ज पनवेलकडे वळतो, म्हणून दाखल करण्यापूर्वी खिडकीवर किंवा वकिलाकडून अधिकारक्षेत्राची खात्री करून घ्या.

समोरची व्यक्ती परदेशात असेल तर समन्स पोहोचायलाच बरेच महिने जाऊ शकतात. तिची हरकत नसेल तर तसं प्रतिज्ञापत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात करून मागवा. काम खूपच हलकं होतं. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

डिक्री लंगडी आहे, पण दोघंही राजी आहेत?

मग ती टिकवण्यासाठी भांडत बसू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली परस्परसंमतीचा नवा अर्ज करणं माझ्या मते बहुतेकदा सुटसुटीत. एक वर्ष वेगळे राहिलेले असावेत एवढी अट तुमची केव्हाच पूर्ण झालेली असते. सहा महिन्यांची वाट पाहण्याची अट कोर्ट माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. परदेशातल्या पक्षकाराला कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची परवानगीही मागता येते. लग्न विशेष विवाह कायद्याखाली झालं असेल तर त्यातही परस्परसंमतीची तरतूद आहे.

परदेशातून समन्स तुमच्या घरी आलं असेल तर

गप्प बसू नका आणि घाईने सहीही करू नका. ‘फक्त पोहोच आहे’ म्हणून पाठवलेला फॉर्म कधी संमतीचा निघतो. उत्तर द्यायचं तर या कोर्टाचा अधिकार मान्य नाही अशी हरकत नोंदवूनच द्या. नरसिंह राव प्रकरणात पत्नीने तशी हरकत घेऊन दिलेलं उत्तर संमती धरलं गेलं नाही. दुसरीकडे, पत्नी जिथे राहते तिथल्या कोर्टात ती स्वतः अर्ज करू शकते, त्यामुळे नेरूळला माहेरी असलेल्या मुलीला नवऱ्याच्या देशात धावण्याची गरज नाही.

पोटगी आणि मुलं यांचा हिशोब वेगळा

घटस्फोट मान्य झाला म्हणजे त्या डिक्रीतले पैसे आपोआप वसूल होत नाहीत. इंग्लंड, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती असे काही देश केंद्र सरकारने अधिसूचित केलेले आहेत. तिथल्या वरिष्ठ न्यायालयांच्या पैशांच्या डिक्रीची अंमलबजावणी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली थेट जिल्हा न्यायालयात मागता येते. अमेरिका त्या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत निकालाच्या तारखेपासून तीन वर्षं. ही तारीख डायरीत आजच लिहून ठेवा.

मुलाच्या ताब्याचा परदेशी आदेश इथलं कोर्ट विचारात घेतं, पण त्याने बांधलं जात नाही. मुलाचं हित पहिलं.

निकाल हातात आल्यावर

प्रमाणित प्रती एकदम चार-पाच काढा, नंतर प्रत्येकीसाठी नकलेचा अर्ज करणं जिवावर येतं. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव असेल तर नव्या पासपोर्टसाठी अर्ज करताना ते काढून टाका. बँक, पीएफ, विमा आणि सोसायटीतलं नामनिर्देशन घटस्फोटामुळे आपोआप बदलतं असं धरून चालू नका. प्रत्येक ठिकाणी नवा फॉर्म भरा. सोसायटीत तो सेक्रेटरीच्या हातात देऊन पोहोच घ्या.