मालवणला कोरलचे फोटो काढायचेत? मग पुण्यातच सुरुवात करा

कॅमेरा नंतर घ्या, आधी पाण्यात स्थिर राहायला शिका. टिळक टँक असो नाहीतर सोसायटीचा पूल, तळाला पाय न लावता, हात न मारता एका जागी तरंगता यायला हवं, कारण मालवणला तुमच्या पायातली एक फिन (पोहताना घालायचं वल्ह्यासारखं पान) कोरलला, म्हणजे प्रवाळाला, लागली की वर्षानुवर्षं वाढलेला तुकडा मोडतो आणि मला ते बघवत नाही.

जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असतं. तरी अंदमानसारखं निळंशार नाहीच हां, गढूळपणा असतोच, म्हणून झूम अजिबात करू नका, वाइड लेन्स ठेवा आणि जवळ जा. फ्लॅश समोरून मारला तर पाण्यातले कण चमकून फोटोभर पांढरे ठिपके येतात, तो बाजूने आणि तिरका हवा, किंवा बंदच ठेवा. लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच पाणी खाऊन टाकतं, म्हणून रॉ मध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ फाइल) शूट करा आणि पांढरी प्लॅस्टिकची पाटी सोबत न्या, तिच्यावर व्हाइट बॅलन्स लावायचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असे रंग जुळवायचे.

ही पाटी आणखी एका कामाला येते आणि माझ्या मते तेच खरं काम. पाणी नेहमीपेक्षा बरेच दिवस गरम राहिलं की कोरल आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतं, त्याचा रंग आणि बरंचसं अन्नही त्या शेवाळामुळेच असतं, म्हणून ते पांढरं पडतं. पांढरं म्हणजे मेलेलं नव्हे! पाणी लवकर थंड झालं तर सावरतं. मेलेल्यावर मात्र हिरवट-तपकिरी थर चढतो. फोटोत पाटी असेल तर कोरल खरंच फिकं पडलंय की रंग नुसता पाण्याने खाल्लाय हे कळतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग, म्हणजे कोरलचं हेच पांढरं पडणं, जाहीर झालं, लक्षद्वीपलाही फटका बसला, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे पण गरम पाण्याला त्याची हद्द कुठे कळते.

म्हणून मासे दिसले की धावू नका. एकच कोरल निवडा, सिंधुदुर्ग किल्ल्याची दिशा लक्षात ठेवा, त्याच कोनातून, तेवढ्याच अंतरावरून दरवर्षी फोटो घ्या, मेमध्ये बोटी बंद व्हायच्या आधी परत जमलं तर सोन्याहून पिवळं. फाइलच्या नावात तारीख, खोली आणि डाइव्ह कॉम्प्युटरवरचं (डायव्हिंगचं मनगटी यंत्र) तापमान टाका, आणि ते त्याच रात्री टाका, पुण्याला येईपर्यंत विसरायला होतं.